चरखा शिकल्याशिवाय चित्र नाही

एक छायाचित्र आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले आहे. जमिनीवरच्या बैठकीवर महात्मा गांधी बसले आहेत. कमरेला पंचा, अंग उघडे, डोळ्यांवर चष्मा. मागच्या खिडकीतून प्रकाश आत येतो आहे आणि चित्राच्या अगदी पुढच्या भागी, गांधीजींपेक्षाही आपल्याला जवळ, त्यांचा चरखा आहे. पुस्तकांतून, प्रदर्शनांतून आणि भिंतीवरच्या तसबिरींतून हे चित्र इतक्या वेळा समोर आले आहे की त्याला पाहणेच आपण सोडून दिले आहे. 'सूत कातणारे गांधीजी' म्हणून आपण ते ओळखतो. वास्तविक त्या क्षणी गांधीजी सूत कातत नाहीत. ते हातातली कात्रणे वाचत आहेत आणि चरखा थांबलेला आहे. तरीही ते चित्र चरख्याचेच वाटते, यात ते घेणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य आहे.

ती व्यक्ती म्हणजे मार्गारेट बर्क-व्हाइट. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वार्ताहर. १९४६ साली, भारत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, त्यांना या देशाचे चित्रण करण्यासाठी पाठविण्यात आले. गांधीजींचे छायाचित्र हवे, ही मागणी घेऊन त्या आल्या तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी त्यांना एकच प्रश्न विचारला : तुम्हाला सूत कातता येते काय? येत नाही, असे उत्तर मिळताच सचिवांनी सांगितले की, चरखा चालविणाऱ्या माणसाचे मन समजावयाचे असेल तर आधी चरखा चालवावयास शिकले पाहिजे. अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एक असलेल्या या बाईंनी खाली बसून पेळू हाती घेतला. धागा पुनःपुन्हा तुटत राहिला. त्यानंतरच त्यांना आत प्रवेश मिळाला.

आत गेल्यावरही अडचणी संपल्या नाहीत. तो दिवस गांधीजींच्या मौनाचा होता. त्यांना डोळ्यांवर येणारा प्रखर प्रकाश सोसत नसे, म्हणून फक्त तीन फ्लॅश-बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसरा साधला. गांधीजी पुढे थट्टेने त्यांना 'छळ करणारी' असे म्हणू लागले. थट्टा खरी, परंतु तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे जीवन पाहण्याचा आणि दाखविण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो? त्यासाठी आपण काय मोजावयास हवे? मार्गारेट यांचे सारे आयुष्य मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते.

त्यांचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला आणि बालपण शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील बाउंड ब्रुक या गावी गेले. वडील जोसेफ व्हाइट हे छपाई यंत्रांचे अभियंते आणि संशोधक वृत्तीचे गृहस्थ होते. मार्गारेट साधारण आठ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना एका ओतशाळेत नेले. अंधाऱ्या शाळेत अचानक वितळलेल्या लोखंडाचा लोट साच्यात कोसळला आणि सारी जागा उजळून निघाली. ते दृश्य त्या मुलीच्या मनावर कायमचे कोरले गेले. मुलीला कारखाना दाखवावयास नेणारा पिता त्या काळी अमेरिकेतही विरळाच होता. आपल्या घरांतील मुलींना पेढी आणि वखार किती उशिरा दिसते, हे आठवले म्हणजे या छोट्याशा प्रसंगाचे मोल कळते.

१९२२ साली वडील वारले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राचा अभ्यास करू पाहणाऱ्या या मुलीने एकामागून एक अनेक विद्यापीठे बदलली, एक अल्पकालीन विवाह केला, तो मोडला आणि अखेर १९२७ साली कॉर्नेल विद्यापीठातून पदवी मिळविली. आईने घेऊन दिलेला कॅमेरा जुना होता आणि त्याच्या भिंगाला तडा गेलेला होता. कॉर्नेलच्या परिसराची छायाचित्रे काढून ती विकत त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. याच सुमारास आईचे माहेरचे 'बर्क' हे आडनाव त्यांनी आपल्या आडनावाला जोडले. पुढे जगभर गाजलेले नाव असे आई आणि वडील या दोघांच्या वारशातून तयार झाले.

शिक्षणानंतर त्या क्लीव्हलँड या पोलादाच्या शहरी आल्या. तेथील ओटिस पोलाद कारखान्यात जाऊन भट्टीचे चित्रण करण्याची परवानगी त्यांनी मोठ्या चिकाटीने मिळविली. पोलाद कारखाना ही बायकांची जागा नव्हे, असे मानण्याचा तो काळ. तांत्रिक अडचण आणखी मोठी होती. त्या वेळची कृष्णधवल फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, लाल-नारिंगी प्रकाशाला जवळजवळ नव्हती. त्यामुळे डोळे दिपविणारे वितळलेले पोलाद फिल्मवर काळ्या डागासारखे उमटे. मार्गारेट यांनी आठवड्यांमागून आठवडे रात्री भट्टीजवळ घालविल्या. शेवटी चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी बनविलेल्या मॅग्नेशियमच्या ज्योती हाती आल्या. त्यांच्या शुभ्र प्रकाशात ते पोलाद प्रथमच कागदावर उतरले. यशामागे चाळीस अपयशे असतात, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या चित्रांनी प्रकाशक हेन्री लूस यांचे लक्ष वेधून घेतले. उद्योग आणि व्यापार यांना वाहिलेले 'फॉर्च्यून' हे मासिक ते काढीत होते. फेब्रुवारी १९३० मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. जागतिक मंदीचे सावट पडलेले असताना एक डॉलर किमतीचे व्यापारी मासिक काढणे हे धाडसच होते. त्या अंकात मार्गारेट यांनी शिकागोतील एका मोठ्या मांसप्रक्रिया कारखान्याचे चित्रण केले. तेथील दुर्गंधी सहन न होऊन सोबतचे संपादक बाहेर मोटारीत जाऊन बसले. मार्गारेट मात्र काम संपेपर्यंत आत राहिल्या आणि वासाने भरलेले कॅमेऱ्याचे कापड जाळून टाकण्यासाठी तेथेच सोडून आल्या. हा तपशील वाचताना आपल्यासारख्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. मात्र त्यांच्या स्वभावाचा एक पैलू येथे स्पष्ट होतो. जे पाहवत नाही त्याच्याकडून नजर वळवावयाची नाही, हा त्यांचा निर्धार होता. नजर न वळविणे आणि मनात कालवाकालव होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट त्यांच्या कामात हळूहळू येत गेली.

आरंभी त्यांना यंत्रांचे वेड होते. १९३० मध्ये त्या सोव्हिएत रशियात गेल्या आणि तेथील धरणे, कारखाने, गिरण्या यांची चित्रे घेऊन आल्या. ज्या देशात परकीय छायाचित्रकारांना उद्योगांच्या जवळ फिरकू दिले जात नव्हते, तेथे त्यांनी दरवाजे उघडवून घेतले. १९३४ मध्ये मात्र 'फॉर्च्यून'ने त्यांना अमेरिकेतील दुष्काळी, धुळीच्या वादळांनी उजाड केलेल्या प्रदेशात पाठविले. पिके करपलेली, गुरे मेलेली आणि शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांवर कसलाच भाव उरलेला नाही, असे ते दृश्य होते. तेथून परतलेल्या मार्गारेट यांच्या चित्रांत यंत्र मागे सरकले आणि माणूस पुढे आला. लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह दक्षिणेतील गरीब शेतकऱ्यांवर त्यांनी केलेले पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. पुढे दोघांनी विवाह केला आणि तोही काही वर्षांतच संपला.

२३ नोव्हेंबर १९३६ रोजी 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर मार्गारेट यांनी टिपलेले मोंटाना राज्यातील फोर्ट पेक धरण होते. पाठोपाठ १९३७ च्या आरंभी ओहायो नदीला महापूर आला आणि त्यांनी लुईव्हिल शहरातील एक चित्र टिपले. रस्त्याकडेला एक प्रचंड जाहिरात-फलक आहे. मोटारीत बसलेले हसतमुख गोरे कुटुंब आणि वर मोठ्या अक्षरांत अमेरिकेचे राहणीमान जगात सर्वांत उंच असल्याची घोषणा. त्या फलकाखाली हातात पिशव्या आणि बादल्या घेऊन मदतीच्या अन्नासाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय पूरग्रस्त. फलक खोटे बोलत नव्हता, रांगही खोटी नव्हती. दोन्ही एका चौकटीत आल्यावर जे सत्य समोर आले, ते मात्र कुठल्याही अहवालात मावले नसते.

मग युद्ध आले. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर आक्रमण केले तेव्हा मॉस्कोत असलेल्या त्या एकमेव परदेशी छायाचित्रकार होत्या. रात्री शहरावर बॉम्बवर्षाव सुरू झाला की तळघरात आसरा घेण्याऐवजी त्या खिडकीत कॅमेरे मांडून बसत आणि क्रेमलिनच्या आकाशात उसळणाऱ्या प्रकाशरेषा टिपत. अमेरिका युद्धात उतरल्यावर अमेरिकी वायुसेनेने अधिकृत मान्यता दिलेल्या त्या पहिल्या महिला युद्धवार्ताहर ठरल्या. तरीही विमानातून आफ्रिकेला जाण्याची परवानगी बाई म्हणून नाकारली गेली. जहाज अधिक सुरक्षित, असे सांगण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये तेच 'स्ट्रॅथॅलन' जहाज भूमध्य समुद्रात पाणतीराने फोडले. मार्गारेट यांना जीवरक्षक नावेत रात्र काढावी लागली. 'सुरक्षित' या शब्दाच्या आड स्त्रियांना किती वेळा अधिक धोक्यात ढकलले जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्यानंतर विमानाची परवानगी नाकारण्यास कारणच उरले नाही. २२ जानेवारी १९४३ रोजी ट्युनिसजवळच्या एल औईना विमानतळावर बॉम्ब टाकण्यासाठी निघालेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानात त्या होत्या. प्रत्यक्ष हल्ल्यात सहभागी होणाऱ्या विमानातून जाणारी ती पहिली स्त्री. हजारो फूट उंचीवरून खाली दिसतो तो नकाशा. धुराचे ठिपके, रेषा, चौकोन. त्या उंचीवरून माणसाचा चेहरा दिसत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पाच वर्षांनी दिल्लीतल्या एका संभाषणात ती पुन्हा समोर येणार आहे.

चेहरा न दिसणाऱ्या उंचीवरून त्या पुढे अगदी चेहऱ्यासमोर आल्या. एप्रिल १९४५ मध्ये जनरल पॅटन यांच्या सैन्यामागोमाग त्या जर्मनीतील बुखेनवाल्डच्या छळछावणीत पोहोचल्या. तारेमागे उभे असलेले, हाडांचे सापळे झालेले कैदी आणि लाकडासारखी रचलेली प्रेते त्यांनी टिपली. जवळच्या वायमार शहरातील नागरिकांना पॅटन यांनी ते सारे पाहावयास भाग पाडले होते. मान फिरविणारे, रुमालाने तोंड झाकणारे ते सुखवस्तू नागरिकही त्यांच्या चित्रांत आहेत. मार्गारेट यांनी नंतर लिहून ठेवले की त्या वेळी कॅमेऱ्याचा आधार वाटला. समोरचे भीषण दृश्य आणि आपण यांच्यामध्ये एक पातळ पडदा उभा राहिला. स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्यांना छायाचित्रे छापून हाती आल्यावरच पुरता कळला. हा पडदा एकाच वेळी रक्षण करणारा आणि घातक असतो. त्याच्याशिवाय ते काम झाले नसते आणि जगाला पुरावा मिळाला नसता. परंतु पडद्याची सवय लागली तर?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना भारतात द्यावे लागले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात झालेल्या भीषण दंगलीनंतरचे रस्ते त्यांनी टिपले. प्रेते आणि छपरांवर बसलेली गिधाडे. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. पंजाबच्या रस्त्यांवरून बैलगाड्यांचे, पायी चालणाऱ्यांचे मैलोगणती तांडे चालले होते. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालणारा वृद्ध शीख, दिल्लीच्या पुराना किल्ल्यातील निर्वासितांच्या छावणीवर भिंतीवरून सुन्नपणे पाहणारा मुलगा, ही चित्रे आज फाळणीची सामूहिक स्मृती बनली आहेत. २००६ साली खुशवंतसिंग यांच्या 'ट्रेन टु पाकिस्तान' या कादंबरीची सचित्र आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यासाठी हीच चित्रे निवडली गेली. आपल्या इतिहासाचा एवढा मोठा पुरावा एका परदेशी स्त्रीच्या कॅमेऱ्याने जपला, हे ऋण मान्य करावयास हवे.

मात्र ऋणाच्या नोंदीबरोबर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या दौऱ्यात त्यांच्यासोबत असलेल्या 'लाइफ'च्या वार्ताहर ली आयटिंगन यांनी नंतर सांगितले की, मनासारखे चित्र मिळावे म्हणून मार्गारेट यांनी दमलेल्या निर्वासितांना पुनःपुन्हा मागे जाऊन चालत येण्यास लावले; आणि ती भेदरलेली माणसे नाही म्हणू शकली नाहीत. ज्यांच्या पायांत त्राण नव्हते, त्यांच्याकडून दहा पावले अधिक घेणे ही हिंसाच होय. शस्त्र हाती नसले तरी हिंसा घडते आणि ती करणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. उलट, एखाद्या चांगल्या कार्याची घाईच पुष्कळदा तिच्या मुळाशी असते. मार्गारेट यांना जगाला ते दुःख दाखवावयाचे होते. उद्देश मोठा होता, परंतु दुःखी माणूस त्या क्षणी उद्देशाचे साधन बनला.

त्यांच्या कॅमेऱ्याने आपल्या समाजरचनेलाही सोडले नाही. मद्रासकडील चामड्याच्या कारखान्यांत राबणारी मुले त्यांनी टिपली, तशी सावकाराच्या संपन्न घराची चित्रेही घेतली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाफवे टु फ्रीडम' या त्यांच्या पुस्तकात स्वातंत्र्याच्या जल्लोषाखालचा हा अर्धा भारतही आहे. व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वाचकाला ही पाने सुखाची वाटणार नाहीत. बँकेच्या नोकरीत आम्हांला एक शिस्त घालून दिलेली होती. कर्जप्रस्तावासोबतचा ताळेबंद कितीही नेटका असला तरी कारखाना आणि गोदाम डोळ्यांनी पाहिल्याखेरीज शिफारस लिहावयाची नाही. ताळेबंदात माल म्हणजे एक आकडा असतो; गोदामात गेल्यावर तो कोणाच्या पाठीवरून आला, हेही दिसते. मार्गारेट यांची ती चित्रे म्हणजे आपल्या ताळेबंदाची प्रत्यक्ष पाहणी होती. ती कठोर वाटली तरी निरुपयोगी म्हणता येणार नाही.

आता ३० जानेवारी १९४८. त्या दिवशी दुपारी दिल्लीच्या बिर्ला भवनात मार्गारेट यांनी गांधीजींची मुलाखत घेतली. सव्वाशे वर्षे जगण्याची आशा आपण आता सोडली आहे, असे गांधीजींनी सांगितले. जगात जे चालले आहे, त्या अंधारात जगण्याची इच्छा त्यांना उरली नव्हती. मग मार्गारेट यांनी अणुबॉम्बविषयी विचारले. अहिंसा त्याला कसे तोंड देणार? गांधीजींच्या उत्तराचा आशय असा होता : मी तळघरात लपणार नाही. उघड्यावर येईन, म्हणजे माझ्या मनात वैराचा लवलेशही नाही हे त्या वैमानिकाला दिसेल. एवढ्या उंचीवरून त्याला माझा चेहरा दिसणार नाही, हे मी जाणतो. पण त्याचे अनिष्ट होऊ नये ही माझ्या अंतःकरणातली तळमळ त्याच्यापर्यंत पोहोचेल आणि त्याचे डोळे उघडतील.

हा प्रश्न विचारणारी स्त्री स्वतः त्या उंचीवर जाऊन आलेली होती. बॉम्बफेकी विमानातून खाली कॅमेरा रोखून तिने धुराचे ठिपके टिपले होते. खालून वर पाहणाऱ्याच्या बाजूने ते दृश्य कसे दिसत असेल, हे तिला बहुधा प्रथमच एका निःशस्त्र वृद्धाने दाखविले. त्यानंतर काही तासांतच, सायंकाळच्या प्रार्थनेला जाताना, त्या वृद्धावर अगदी समोरून गोळ्या झाडल्या गेल्या. मारणाऱ्याला चेहरा स्पष्ट दिसत होता. वैमानिकाला चेहरा दिसला नाही म्हणून बॉम्ब पडतो, असे आपण मानतो. पण हृदयात जागा नसेल तर हाताच्या अंतरावरचा चेहराही दिसत नाही, हे त्या दिवशी दिल्लीने पाहिले.

आणि त्याच रात्री मार्गारेट यांच्याकडून आणखी एक अतिरेक घडला. शोकाकुल बिर्ला भवनात, जेथे पार्थिव ठेवले होते त्या खोलीत, त्यांनी कॅमेरा नेला आणि फ्लॅश उडविला. तेथील मंडळी संतप्त झाली आणि घेतलेले चित्र नष्ट करण्यात आले, अशी नोंद आहे. चरखा शिकण्याची अट नम्रपणे पाळणारी हीच स्त्री अंतिम दर्शनाची अट पाळू शकली नाही. थोर माणसांचे चरित्र लिहिताना अशा जागा गाळण्याचा मोह होतो. तसे केले तर चरित्राची आरती होते आणि त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. १९४६ साली घेतलेले चरख्याचे ते चित्रही 'लाइफ'ने सुरुवातीला ठळकपणे वापरले नव्हते. गांधीजी गेल्यानंतर ते जगभर पोहोचले. जे चित्र दुसऱ्याच्या अटी पाळून, त्याचे मौन जपून घेतले, ते अमर झाले. जे बळाने घेतले, ते उरलेच नाही. काळाने केलेला हा हिशेब विचार करावयास लावणारा आहे.

पुढे दक्षिण आफ्रिकेत त्या सोन्याच्या खाणीत खोलवर उतरल्या. तेथे दोन घामाने निथळणाऱ्या कृष्णवर्णीय खाणकामगारांचे जे चित्र त्यांनी घेतले, त्यात त्यांची नावे नाहीत, कारण खाणीत ते क्रमांकांनीच ओळखले जात. सोन्याचा भाव रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते चित्र एकदा पाहावे. १९५२ मध्ये कोरियाच्या युद्धात त्यांनी बंदुकांपेक्षा घरांकडे अधिक लक्ष दिले. डोंगरातल्या बंडखोरांमधून परतलेला एक तरुण आणि तो मेला असे समजून बसलेली त्याची आई यांच्या भेटीचे चित्र त्या स्वतः फार मोलाचे मानीत. बॉम्बफेकी विमानापासून आईच्या मिठीपर्यंतचा हा प्रवास जवळजवळ दहा वर्षांचा आहे.

याच सुमारास शरीराने साथ सोडावयास सुरुवात केली. पाय दुखू लागला, हात थरथरू लागला. निदान झाले : पार्किन्सनचा विकार. ज्यांच्या हाताच्या स्थिरतेवर सारी कीर्ती उभी होती, त्यांचाच हात थरथरावा, ही नियतीची क्रूर थट्टाच. त्यांनी हार मानली नाही. वर्तमानपत्राचे बोळे चुरगाळणे, ओले टॉवेल पिळणे, चालण्याचा कष्टदायक सराव, हे व्यायाम त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. १९५९ मध्ये आणि पुढे १९६१ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या.

आणि येथे त्यांनी एक असामान्य गोष्ट केली. आपल्या आजाराची आणि शस्त्रक्रियेची कथा त्यांनी 'लाइफ'मध्ये स्वतः लिहिली आणि चित्रे घेण्यासाठी आपले जुने सहकारी आल्फ्रेड आयझेनश्टाट यांना येऊ दिले. शस्त्रक्रियेसाठी मुंडन केलेले डोके, बोटांनी धडपडत केलेली साधी कामे, लहान मुलासारखे नव्याने टाकलेले पाऊल, हे सारे लाखो वाचकांनी पाहिले. आयुष्यभर इतरांच्या असहाय क्षणांवर भिंग रोखणाऱ्या स्त्रीने आपला असहाय क्षण भिंगासमोर ठेवला. पार्किन्सनचे रुग्ण तोंड लपवून घरात बसत, असा तो काळ. त्यांना या लेखाने धीर मिळाला. मला यात एक परतफेडही दिसते. निर्वासितांकडून, कैद्यांकडून, खाणकामगारांकडून जे घेतले होते, त्याचे व्याज तरी त्यांनी स्वतःच्या देहाने चुकते केले. १९६३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २७ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कँडिस बर्गन यांनी रंगविलेली अमेरिकी छायाचित्रकार म्हणजे याच मार्गारेट.

त्यांच्या वारशाचा विचार करताना आपल्या होमाई व्यारावाला आठवतात. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन दिल्लीच्या रस्त्यांवर सायकलने फिरणाऱ्या होमाईंनी स्वातंत्र्याचा सोहळा आणि गांधीजींची अंत्ययात्रा दोन्ही टिपले. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, कारण नव्या छायाचित्रकारांचे बेमुर्वत वर्तन त्यांना पाहवेना. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एकीने मर्यादा ओलांडून पुरावा मिळविला, दुसरीने मर्यादा मोडलेली पाहून काम थांबविले. दोघींनी बंद दरवाजे उघडले आणि आज एखादी मुलगी कॅमेरा घेऊन बाहेर पडते, तेव्हा घरचे तिला अडवीत नाहीत, यात दोघींचाही वाटा आहे.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. रस्त्यावर अपघात होतो तेव्हा मदतीच्या हातांआधी फोन वर होतात. दुःखाच्या घरी गेलेली माणसे अंत्यदर्शनाची चित्रे गटांवर पाठवितात. दान देताना घेणाऱ्याचा चेहरा टिपला जातो. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्याच्या हातात आपली पिशवी असते. पंजाबच्या त्या रस्त्यावरील निर्वासितांहून त्याची स्थिती फार वेगळी नाही. पुढच्या महिन्यात आपल्या संस्थांमधून वह्या-पुस्तकांचे वाटप होईल. ज्या मुलाला वही मिळते, त्याच्यासमोर कॅमेरा धरण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे, दोन शब्द बोलावे आणि चित्र घेऊ का, असेही विचारावे. तो नको म्हणाला तर वही द्यावी आणि चित्र राहू द्यावे.